पानं मोजायचं काम: कुंडीतल्या अननसाच्या नोंदी

12 फेब्रुवारी 2022

दोन पिकलेली फळं आणली, ती मुख्यतः शेंड्यांसाठी. त्यामुळे निवडताना फळापेक्षा शेंडाच जास्त निरखला. मधली पानं ताठ हवीत आणि हलकेच ओढल्यावर जागची हलता कामा नयेत. मधलं पान सहज हातात आलं तर शेंडा आतून सडलेला असतो, वरून कितीही टवटवीत दिसला तरी.

दोन्ही फळं वेगळ्या जातींची आहेत, हे पानांच्या कडांवरूनच कळतं. एकाच्या कडा गुळगुळीत आहेत आणि काटे फक्त टोकाशी. ही केयेन गटाची खूण, क्यू ही जात त्यातलीच. दुसऱ्याच्या कडेला खालपासून वरपर्यंत काटे, फळ लहान, डोळे उठावदार, गर गडद पिवळा: हा क्वीन गट. नोंदींत यांना 'बिनकाट्या' आणि 'काटेरी' म्हणते.

शेंडा सुरीनं कापायची गरज पडत नाही. एका हातात फळ, दुसऱ्या हातात शेंडा धरून पिळला की बुडाशी सुटून येतो. चिकटलेला गर खरवडून टाकला, कारण सड तिथूनच सुरू होते. मग खालची पानं एकेक करून सोलली. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ उघडा पडला आणि त्यावर तपकिरी ठिपके दिसले. ही पुढची मुळं, पानांआड आधीच तयार होऊन बसलेली. काहींची टोकं तर देठाला वेटोळं घालून आलेली आहेत.

दोन्ही शेंडे सावलीत उलटे टांगले. जखम कोरडी पडेपर्यंत लावायचे नाहीत. ओली जखम मातीत गेली की बुरशीला आयतं दार मिळतं. शेंडा आठवडाभर कोरडा राहिला तरी मरत नाही, जास्तही टिकतो.

या प्रकल्पाचा प्रश्न असा: अननसाच्या फळाचं वजन कधी ठरतं? वाचलेलं असं की झाड ज्या दिवशी फुलायला वळतं त्या दिवशी ते जेवढं मोठं असेल, त्यावर फळाचा आकार बराचसा ठरून जातो. नंतर खत, पाणी, माया काहीही ओता, लहान झाडाला मोठं फळ धरत नाही. खरं असेल तर माझं काम फळ वाढवण्याचं नाहीच, पानं वाढवण्याचं आहे. हे स्वतःच्या कुंड्यांत बघायचंय.

19 फेब्रुवारी 2022

बिनकाट्या थेट कुंडीत लावला. काटेरी काचेच्या पेल्यात, बूड तेवढं पाण्यात. पाण्यातून मुळं डोळ्यांना दिसतात, एवढाच त्याचा फायदा.

कुंडी उथळ पण रुंद घेतली. अननसाची मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात, खोल कुंडीतला तळ नुसता ओला राहतो आणि त्रास देतो. मिश्रण: कोकोपीट, जाड वाळू, चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, थोडं परलाइट. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. सामू (पीएच, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.5 ते 6.5 च्या मधे असावा. अननसाला आंबट माती लागते. चुना, राख, अंड्याची टरफलं असलं काही या कुंडीत जाणार नाही.

शेंडा लावताना माती मधल्या पानांत जाऊ दिली नाही. पोंग्यात माती गेली की नवं पान कुजत बाहेर येतं.

6 मार्च 2022

एका ओळखीच्या काकूंनी त्यांच्या झाडाचा फुटवा दिला. "शेंड्याच्या नादी लागू नकोस, म्हातारी होशील," असं सांगून. म्हणणं अगदीच चुकीचं नाही. लागवडीसाठी तीन गोष्टी चालतात. जमिनीलगत किंवा खोडाच्या बगलेतून येणारा फुटवा, फळाच्या देठावर खाली येणारी लहान पिल्लं, आणि शेंडा. फुटवा सगळ्यांत लवकर फळतो. शेंड्याला फळापर्यंत साधारण दोन वर्षं धरून चालावं, थंड जागी त्याहून जास्त.

फुटवा हातभर लांब आहे, बुडाशी जाड. खालची सुकी पानं सोलून, चार दिवस वाळवून मग लावणार. आता तीन उमेदवार झाले.

27 मार्च 2022

पेल्यातल्या काटेरीला पांढरी मुळं फुटली. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलत होते, नाहीतर वास येतो. आज कुंडीत हलवला. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, माती दाबायची नाही. नुसती ओतून वरून पाणी दिलं की तीच बसते.

बिनकाट्याचं खाली काय चाललंय ते कळत नाही. हलकेच वर ओढून पाहिला, माती धरून राहतोय. म्हणजे यालाही मुळं आली. पेल्याचा खटाटोप पुन्हा करणार नाही.

15 मे 2022

मोजणीची पद्धत ठरवली. प्रत्येक झाडाच्या सगळ्यांत कोवळ्या उघडलेल्या पानावर मार्करनं ठिपका. पुढच्या वेळी ठिपक्याच्या आत किती पानं आली ते मोजायचं. उन्हाच्या दिवसांत साधारण आठवड्याला एक नवं पान येतंय.

दुसरं माप जास्त कामाचं. सगळी पानं हातात गोळा करून उभी धरायची, त्यांत सर्वांत उंच येईल ते 'डी' पान. अननस उत्पादक झाडाची पानं वयाप्रमाणे ए ते एफ अशी ओळखतात, ए सर्वांत जुनं. डी हे नुकतंच पूर्ण वाढलेलं, त्यामुळे झाडाची आजची ताकद तेच सांगतं. शेतात ते उपटून वजन करतात. केयेन गटात ते 80 ग्रॅमच्या आसपास गेलं की झाड फुलवण्याजोगं समजतात. मला एकेका झाडाचं पान उपटणं परवडणार नाही, मी लांबी घेते. आज फुटवा 44 सेंटिमीटर, बिनकाट्या 21, काटेरी 17.

पानांच्या खालच्या बाजूला रुपेरी भुकटी दिसते. ती कीड नाही, पुसायची नाही. ते पानाचे सूक्ष्म खवले आहेत. अननसाच्या ब्रोमेलिएसी कुळात ही सोय सगळीकडे आढळते. काही भाऊबंद तर मुळांविना नुसत्या खवल्यांवर पाणी पितात.

3 जुलै 2022

खत. पानांची रचना अशी आहे की वरून पडलेला प्रत्येक थेंब घरंगळत पानाच्या बेचक्यात येतो, आणि त्या बेचक्यांत देठाला चिकटून बारीक मुळं असतात. म्हणजे हे झाड कुंडीतूनही खातं आणि स्वतःच्या काखेतूनही. त्यामुळे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक-दोन ग्रॅम, एवढं पातळ करून, दर पंधरवड्याला खालच्या पानांच्या बेचक्यांत. दाणेदार खत पोंग्यात कधीच नाही, कोवळी पानं करपतात.

21 ऑगस्ट 2022

काटेरीची मधली पानं फिकट पडली होती. आज धरून ओढली तर अख्खा पोंगा हातात आला. पानांची बुडं पांढरी-तपकिरी, मऊ, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. ही गाभा सड. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव ती घडवतो. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. जोराच्या पावसात मातीचे शिंतोडे उडतात, ते पानांच्या बेचक्यांत पडतात आणि तिथून तो गाभ्यात शिरतो. पोंग्यात स्वच्छ पाणी साचणं हे अननसाचं रोजचंच आहे, त्यानं काही होत नाही. घात करतात ते मातीचे शिंतोडे आणि सतत गच्च ओली कुंडी.

सडलेलं सगळं कापून काढलं. देठ खाली पांढरा आणि कडक लागला, मुळंही शाबूत. झाड फेकलं नाही. पावसाबाहेर, कोरडं ठेवलंय. उरलेल्या दोन कुंड्यांत मातीवर सुक्या पानांचा जाड थर घातला, शिंतोडे उडू नयेत म्हणून.

16 ऑक्टोबर 2022

काटेरीच्या एका जुन्या पानाच्या बगलेतून कोंब. वरचा गाभा मेला की बाजूचे झोपलेले डोळे जागे होतात. त्याचं घड्याळ आता नव्यानं सुरू, असं धरते.

5 नोव्हेंबर 2022

आजची नोंद लांब होणार. गेले काही दिवस जे करून पाहायचं होतं ते केलं.

फुटव्याच्या एका जुन्या पानाचा नखाएवढा तुकडा सूर्योदयाच्या आधी कापला, काही थेंब शुद्ध पाण्यात ठेचला आणि सामू मोजायची कागदी पट्टी बुडवली. पट्टी नारिंगीकडून लालसर: सामू 4 च्या जवळपास. त्याच पानाचा शेजारचा तुकडा संध्याकाळी तसाच ठेचला. पट्टी पिवळसर, 5 च्या बरीच वर. एकच पान, सकाळी आंबट आणि संध्याकाळी बेचव. जिभेवरही फरक कळतो, पण पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, जीभ चुरचुरते. पट्टीच बरी.

याचं कारण असं. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. त्याच उघड्या दारातून पाणीही उडून जातं. अननस मुख्यतः रात्री रंध्रं उघडतो, हवा गार आणि दमट असताना. घेतलेला वायू लगेच वापरता येत नाही, कारण ऊन नाही. म्हणून तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवतो. पहाटेला साठा भरलेला, म्हणून पट्टी लाल. दिवसा रंध्रं मिटलेली, आतल्या आत ते आम्ल मोडून वायू सुटा होतो आणि उन्हाच्या जोरावर साखर होते. संध्याकाळपर्यंत कोठार रिकामं.

हे कळलं की बऱ्याच बारीकसारीक गोष्टींची संगती लागते. पाणी कमी का पुरतं, ते यातून कळतं. सतत कोंदट, गरम रात्री असलेल्या बंद खोलीत झाड नुसतं बसून का राहतं, तेही. आणि दिवसाचं ऊन कमी पडलं तर रात्रीच्या साठ्याचा उपयोग नाही, म्हणून दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन हवंच. खिडकीतल्या शोभेच्या अननसाची पानं लांब, लोळलेली, फिकट होतात आणि ते वर्षानुवर्षं फळत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हीच उपासमार असते.

आणि एक मुद्दा फुलवण्याच्या दिवसासाठी आत्ताच लिहून ठेवते: झाडाला एखादा वायू द्यायचा असेल तर तो रात्री द्यायचा.

18 डिसेंबर 2022

थंडी. नवी पानं जवळजवळ थांबली. 15-16 अंशांखाली अननसाची वाढ मंदावते, दहिवर गोठलं तर झाड मरतं. रात्री भिंतीच्या आडोशाला ओढतेय. पाणी आठवड्याला एकदा, तेही माती दोन पेरं खोल कोरडी लागली तरच.

18 व्या शतकात युरोपातले श्रीमंत लोक याच थंडीशी भांडत होते. काचघरात चामडं कमावण्याच्या सालीचे वाफे भरायचे. साल आंबताना महिनोन् महिने ऊब देते आणि तिच्यात अननसाच्या कुंड्या पुरायच्या. एका फळासाठी दोन-तीन वर्षं माळी आणि जळण. त्यापुढे माझं कुंडी ओढणं काहीच नाही.

19 फेब्रुवारी 2023

फुटव्याच्या पोंग्यात लाल ठिपका. आधी वाटलं सड आली. वाकून बघितलं तर कोवळी पानं बुडाशी लाल झालेली आणि मधे मोहोर दबा धरून बसलाय.

मी काही केलेलं नाही. थंड रात्री आणि लहान दिवस मिळाले की अननस आपणहून फुलायला वळतो, विशेषतः झाड पुरेसं मोठं असेल तर. बागायतदारांना ही आपखुशीची फुलं नको असतात, कारण सगळं वेळापत्रक मोडतं. मला मात्र आयता नमुना मिळाला. लगेच मोजलं: 31 पानं, डी पान 58 सेंटिमीटर. ठीकठाक, पण भरदार नाही. वाचलेलं खरं असेल तर फळ लहान येईल. अंदाज लिहून ठेवते: अर्धा किलो.

बिनकाट्या या थंडीत वळला नाही. त्याचं डी पान अजून 40 च्या आत. लहान झाडाला थंडीची हाक ऐकू येत नाही, आणि माझ्या दृष्टीनं ते चांगलंच.

26 मार्च 2023

फुलं. तुऱ्यावर खालून वर, रोज काही जांभळी-निळी फुलं उघडतात आणि एका दिवसात मिटतात. एकेक फूल म्हणजे फळाचा एकेक डोळा. शंभर ते दोनशे फुलं देठासकट एकमेकांत विरघळून एक फळ बनतं. डोळ्यांच्या तिरक्या रांगा मोजल्या: एका बाजूला 8, उलट बाजूला 13. मोठ्या फळांवर 21 ची रांगही सापडते.

ब्रश घेऊन परागीकरण करायचं नाही. एकाच जातीचे पराग अननसाला चालत नाहीत, आणि परागाविना फळ धरतं, तेही बिनबियांचं. दुसऱ्या जातीचे पराग पडले तर टणक बिया होतात. हवाई बेटांवर हमिंगबर्ड पक्षी आणायला मनाई आहे, ती याच कारणानं.

11 जून 2023

बिनकाट्याची नवी पानं पिवळी येतायत, जुनी हिरवी आहेत. नायट्रोजन कमी पडला असता तर आधी जुनी पिवळी पडली असती. नवी पिवळी म्हणजे लोह. कुंडीतल्या मातीचा सामू वर सरकलाय, नळाचं जड पाणी वर्षभर दिल्यावर असं होतं. माती आंबट राहिली नाही की लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. म्हणून वरून दिलं: लिटरला 2 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), संध्याकाळी पानांवर फवारा. यापुढे शक्य तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी.

आणि मुंग्या. फुटव्याच्या बुडाशी मुंग्यांची रांग दिसली, पानं बाजूला केली तर आत पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला पाळतात, त्याचा गोड स्राव खातात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन वसवतात. या ढेकणाबरोबर येणारे विषाणू झाड कोमेजवणारा रोग घडवतात, म्हणून दुर्लक्ष करण्यासारखं नाही. साबणाच्या पाण्यानं बेचके धुतले, ढेकूण कापसानं पुसले. पण खरा उपाय मुंग्या तोडणं. कुंडीखाली पाण्याची परात, परातीत विटेचे तुकडे, त्यावर कुंडी. भिंतीला टेकलेलं पान कापलं, तो त्यांचा पूल होता.

20 ऑगस्ट 2023

फुटव्याचं फळ काढलं. बुडापासून वर निम्म्याहून जास्त पिवळं, डोळे सपाट, खालून वास. शेंडा वगळून 540 ग्रॅम. अंदाज जवळ आला.

चव: बुडाशी गोड, वर आंबट, एकूण आंबटच. खालची फुलं आधी उमलली, म्हणून खालचे डोळे वयानं मोठे आणि गोड. एकूण आंबटपणाचं कारण शेवटचे आठवडे ढगाळ गेले. अननसात पिष्टाचा साठा नसतो, जी साखर यायची ती झाडावर असतानाच पानांकडून येते. ऊन नसेल तर ती येत नाही. आणि काढून ठेवलेलं फळ रंग बदलतं, मऊ पडतं, पण गोड होत नाही. "ठेव आणखी चार दिवस, गोड होईल," असं घरात सगळे म्हणत होते. अर्धं ठेवून दाखवलं. झालं नाही.

1 ऑक्टोबर 2023

बिनकाट्या: 43 पानं, डी पान 81 सेंटिमीटर, बुंधा मनगटाएवढा. हिराकशीनंतर पानं गडद हिरवी. आता निर्णय घ्यायचा.

वाट पाहिली तर थंडीत आपणहून फुलेल, पण भरवसा नाही, आणि उशिरा फुलला तर फळ पुन्हा पावसात पिकेल. आत्ता फुलवला तर पिकणं उन्हाळ्याच्या शेवटी येतं. फुलवायला इथिलीन लागतं, पिकणारी फळं सोडतात तो वायू. 19 व्या शतकात अझोरेस बेटांवर काचघरांत धूर झाला आणि अननस एकदम फुलले, तेव्हापासून धूर करण्याची रीत पडली. धुरातला कामाचा भाग इथिलीन आहे हे 1932 मध्ये पोर्तो रिकोत दाखवलं गेलं. शेतीत आता इथेफॉनचं, म्हणजे इथिलीन सोडणाऱ्या रसायनाचं, पातळ द्रावण पोंग्यात ओततात. कॅल्शियम कार्बाइडचा खडा पाण्यात टाकूनही ॲसिटिलीन वायू निघतो आणि झाड फुलतं, पण तो वायू पेट घेतो. घरात ते नको. पिकलेलं सफरचंद पुरेसं इथिलीन सोडतं.

7 ऑक्टोबर 2023

पोंग्यातलं पाणी ओतून काढलं. दोन पिकलेली सफरचंदं कापून मातीवर ठेवली, सूर्यास्ताला मोठी पारदर्शक पिशवी वरून घालून कुंडीला बांधली. रंध्रं रात्री उघडी, म्हणून सुरुवात रात्रीची. दिवसा कुंडी पूर्ण सावलीत ठेवणार, कारण उन्हात बंद पिशवीत झाड शिजतं.

दादा बघून गेला. "झाडाला वाफारा देतेस का?" म्हणाला. मी हो म्हटलं. समजावत बसले असते तर सफरचंद सडलं असतं.

12 ऑक्टोबर 2023

पिशवी काढली. आता खत बंद, विशेषतः नायट्रोजन. फुलायला वळताना जास्त नायट्रोजन आड येतो. नुसतं पाणी.

3 डिसेंबर 2023

लाल पोंगा. वायू लागला.

21 जानेवारी 2024

तुरा फुटव्याच्या दीडपट जाड. फुलं उमलू लागली, थंडीमुळे संथ. देठ उंच आणि एका बाजूला कललाय, आत्ताच काठी लावली. फळ जड झाल्यावर काठी लावायला गेलं की देठ मोडतो.

14 एप्रिल 2024

फळाची पश्चिमेकडची बाजू पांढरट पडायला लागली. हा उन्हाचा चटका. कललेल्या फळाला दुपारचं ऊन एकाच बाजूनं बसतं. त्याचीच लांब पानं वर गोळा करून सैल दोरीनं बांधली, फळ झाकलं. पानांना ऊन मिळतं, फळाला सावली.

काटेरीचा बगलेतला कोंब आता 26 पानांचा आहे. या थंडीतही तो फुलला नाही.

23 जून 2024

बिनकाट्या काढला. पाऊस सुरू व्हायच्या आधी, आठवडे कडक उन्हाचे गेल्यानंतर. शेंडा वगळून 1 किलो 320 ग्रॅम. रंग एक तृतीयांशच चढला होता, पण केयेन गट बऱ्याचदा हिरवट असतानाच तयार असतो, मी वासावर आणि सपाट डोळ्यांवर गेले.

दोन्ही झाडं शेजारीशेजारी, एकच मिश्रण, एकच खत. फुलताना डी पान 58 आणि 81, फळ 540 आणि 1320. जाती वेगळ्या असतील, एक फुटवा आणि एक शेंडा, काकूंच्या झाडाची जात मला माहीतही नाही. त्यामुळे शास्त्रीय पुरावा म्हणून हे कुणापुढे ठेवणार नाही. पण फुलल्यानंतरच्या सहा महिन्यांत मी दोघांनाही सारखंच वागवलं, आणि फरक तरीही अडीचपट.

चव या वेळी खालपासून वरपर्यंत गोड. जास्त खाल्ल्यावर जीभ सोलल्यासारखी झाली. प्रथिनं तोडणारं ब्रोमेलिन आणि मघाचे सुईसारखे स्फटिक, दोघांचं ते काम. शिजवल्यावर ब्रोमेलिन निकामी होतं, म्हणून शिजवलेला अननस इतका झोंबत नाही.

7 जुलै 2024

फळल्यावर झाड लगेच मरत नाही, पण तो बुंधा पुन्हा फुलत नाही. बिनकाट्याच्या बगलांत तीन फुटवे आहेत. एक आईवरच ठेवला, जमिनीच्या सगळ्यांत जवळचा, कारण वरचे पुढे जड होऊन कलंडतात. दोन पिळून काढले, सावलीत वाळत आहेत. आईची जुनी पानं निम्मी छाटली. तिची मुळं आयती असल्यामुळे हा खोडवा लवकर फळेल, फळ मात्र पहिल्यापेक्षा लहान. फुटव्याची कुंडीही अशीच चालू आहे, तिथलं नवं डी पान 52.

काकूंना शेंडा नेऊन दिला. "शेंडा?" म्हणाल्या, आणि ठेवून घेतला.

22 सप्टेंबर 2024

काटेरी: 37 पानं, डी पान 55. क्वीन गटाचं झाड मुळातच लहान, त्यामुळे केयेनचं माप त्याला लावत नाही. पण गेल्या तीन मापांत डी पान वाढलेलं नाही, म्हणजे या कुंडीत त्याला जेवढं व्हायचं होतं तेवढं तो झालाय. खत आजपासून बंद. ऑक्टोबरच्या पहिल्या गार रात्री सफरचंद. फळाचा अंदाज: 600 ग्रॅम.